शेवटी लागणारी मोटर

दुपारी केळीच्या बागेत शिरलं की ऊन बाहेरच राहतं. आत हिरवा उजेड असतो, पाण्याखाली डोळे उघडल्यासारखा. मी बांधाच्या कडेला बाज टाकून पडतो. डोळा लागतो, पण पुरता लागत नाही. पान पानाला घासतं आणि मला वाटतं, बायको बोलून राहिली. शब्द कळत नाहीत, चाल कळते. चाल तिचीच, लांबलचक, मधे श्वास न घेणारी, एकेका गोष्टीचं कारण सांगत पुढे जाणारी.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. आता पुन्हा थंडी यायला लागली आहे.

मी चौथी शिकलो, इथेच असोद्यात. बोलणं माझं तुटक. गोड बोलायला येत नाही आणि लांबही बोलायला येत नाही. भाकर, पाणी, आलो, चाललो, एवढ्यात माझा दिवस निघायचा. ती धुळ्याकडची. तिकडची अहिराणी, आमच्या इकडची बोली वेगळी. लग्न होऊन आली तेव्हा तिचं ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळ्या’ला ‘बठ्ठा’ म्हणणं ऐकून गल्लीतल्या बाया हसायच्या. ती हसणारीलाच हाताला धरून ओट्यावर बसवायची आणि आपल्या बोलीत काय म्हणतात, का म्हणतात, ते सगळं सांगायची. बाई उठायला बघायची, हिचं संपायचं नाही.

जळगावहून पाहुणा येणार असला तर मी फोनवर सांगायचो, गावात ये, कोणालाही विचार. ती माझ्या हातून फोन घ्यायची. बसमधून उतरलास की तुझं तोंड कोणीकडे असेल, मग डाव्या हाताला काय दिसेल, पुढे एक म्हैस बांधलेली दिसेल, पण म्हशीवर भरवसा ठेवू नको, ती चरायला जाते, तू तिच्या मागचा पिंपळ धर, पिंपळ कुठे जात नाही. पाहुणा हसत हसत दारात यायचा. पण चुकून दुसऱ्याच गल्लीत गेला असा कोणी मला आठवत नाही.

मोटर लावायची ती तिनेच. मी सकाळी बागेत पानं कापत, केळीच्या बुडातली पिलं काढत असायचो, ती विहिरीजवळच्या खोलीत. आमच्या शिवारात एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, बऱ्याच जणांच्या मोटरी आहेत. शेतीची लाईन, म्हणजे वीज, दिवसभर नसते. येते, जाते, पुन्हा येते. पूर्वी लाईन आली की जो तो स्टार्टरकडे पळायचा. आता पळायचंही काम उरलं नाही. बाकी बहुतेकांनी ऑटो लावून टाकले, लाईन आली की मोटर आपली आपण उठते. सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपी कण्हते. बैल चालताना लावत नाही तेवढा जोर गाडी जाग्यावरून हलवताना लावतो, तसंच मोटरीचं. आणि आमची मोटर त्या डीपीवरची सगळ्यात मोठी.

म्हणून लाईन आली तरी बायको उठायची नाही. खोलीच्या उंबऱ्यावर बसून ऐकायची. नाल्याकडची लागली, बाभळीखालची लागली, वरच्या अंगाची लागली. सगळ्यांचा आवाज एका सुरात बसला की मग हात टेकून उठायची आणि आमचं बटण दाबायची.

“बठ्ठास्न्या मोटरी लागी जाऊ द्या,” म्हणायची, “मंग आपली. पाणी काय पयी जाई ऱ्हायनं का?”

हे असं कोणी ठरवून दिलं नव्हतं. तिने स्वतःच शेवटचा नंबर घेतला होता. शिवारात लोक म्हणायचे, आबांची मोटर वहिनींचा चहा झाल्याशिवाय लागत नाही. मीही तसंच धरून चाललो. तिने कारण मला सांगितलं होतं, एकदा नाही, किती वेळा. पण तिच्या एवढ्या बोलण्यातलं कोणतं धरायचं आणि कोणतं वाहू द्यायचं, ते मी माझ्या मनाने ठरवायचो.

मग तिचे गुडघे गेले. शेतापर्यंत जाणं होईना. मुलगा म्हणाला, माय, आता तू घरीच बस, मोटरीवर एक पेटी लावतो, ती तुझं काम करेल.

मुलगा आणि सून दोघं कॉम्प्युटरवर काम करतात. कंपनी पुण्याची, काम घरातून. राहतात जळगावला मेहरूणमध्ये, तलावाच्या अंगाला. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर इकडे येतात. सूनही धुळ्याकडचीच. दोघी माहेरच्या बोलीत सुरू झाल्या की मुलगा आणि मी परदेशी. सून मुलाला आमच्यासमोर ‘अहो’ म्हणते, लॅपटॉपसमोर ‘अरे’. दोघं एकाच वर्गात होते.

पेटी लहानशी, डब्याएवढी. तिला काय करायचं ते लिहून द्यावं लागतं, त्याला प्रोग्राम म्हणतात. तो लिहायला सून बसली, ओट्यावर. बायको शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सून विचारायची, ती सांगायची, सून लिहायची.

“आई, लाईन उनी का काय करानं?”

“काहीच करानं नही. थांबानं.”

“कितलं?”

“बठ्ठास्न्या लागी जाऊ दे.”

“पेटीले कान नहीत, आई. तिले कशी समजी?”

बायकोने हातातली शेंग तशीच धरून विचार केला. मग म्हणाली, चहा उकळायला वेळ लागतो तेवढा धर, त्यात सगळ्यांच्या लागून जातात. सुनेने तसं लिहिलं. नुसता वेळ लिहिला नाही. वर मराठीत लिहून ठेवलं की लाईन आल्याबरोबर मोटर लावू नये, डीपीवरच्या सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात, आपली सर्वात मोठी आहे, डीपीला झेपत नाही, म्हणून चहा उकळेपर्यंत थांबावं. आणि खाली लिहिलं, आई म्हणतात पाणी पळून जात नाही.

असं प्रत्येक गोष्टीचं. विहिरीत पाणी खाली गेलं तर काय, वारा सुटला तर काय, लाईन मधेच गेली तर पहिल्यापासून सुरू करायचं का राहिल्यापासून. एकेक काम वेगळं, एकेकाला सरळ नाव. बायको बोलत राहिली, ओट्यावर शेंगांची टरफलं साचत गेली.

मुलाने मागून डोकावून बघितलं. “प्रोग्राम आहे का पोथी?”

“पोथीच,” सून म्हणाली. “कोणीही वाचायला बसलं तरी अडणार नाही अशी.”

“मी हे एका मुठीत बसवतो. पेटी पण लवकर पळेल.”

“पळून जाणार कुठे ती? मोटर तर जाग्यावर उभी आहे.”

“उगाच पसारा. ज्याला येतं त्याला चार अक्षरांत कळतं.”

“अहो, तुमचंच लिहिलेलं तुम्हाला दिवाळीनंतर कळत नाही. मग मला विचारता, हे कोणत्या गाढवाने लिहिलं.”

बायकोने विचारलं, तो काय म्हणतोय. सून म्हणाली, आई, तुम्ही फार बोलता म्हणे.

“बापना गुण शे,” बायको म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

मी मुलाच्या बाजूचा होतो. थोडक्यात होणारी गोष्ट थोडक्यातच करावी, असं मला जन्मभर वाटत आलं. पण सुनेने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, आबा, वाचून बघा. मी चष्मा लावला. मधेमधे इंग्रजी होतं ते सोडून दिलं. राहिलेलं बोटाने धरून वाचत गेलो आणि मला मोटर लागताना दिसली. लाईन आली. थांबली. विहीर बघितली. लागली. मशीनच्या पोटातलं मला वाचता येईल असं मला वाटलं नव्हतं.

सून म्हणाली, “लिहिणारा एकदाच लिहितो, आबा. वाचणारे नंतर कोण कोण येतील, सांगता येत नाही.”

मी म्हटलं, “इथं कोण येतं मरायला.”

त्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही कांदेबाग लावली. पावसाळ्याच्या तोंडाला लावतात ती मृगबाग आणि पाऊस सरल्यावर लावतात ती कांदेबाग. बायकोला शेतात नेलं ते ट्रॅक्टरवर बसवून. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकली. तिथून ती मजुरांना सांगत होती, खड्ड्यात रोप कसं ठेवायचं, माती किती दाबायची, का दाबायची. मजूर बाया मान हलवत होत्या. संध्याकाळी तिने एक रोप स्वतःच्या हाताने लावलं, खुर्ची खड्ड्याशी ओढायला लावून. कोणतं, ते मला माहीत आहे असं मी लोकांना सांगतो. खरं तर मला आता ओळखू येत नाही. सगळी सारखीच वाढली.

थंडीत तिची छाती भरली. जळगावला दवाखान्यात नेलं. आमच्या आणि सुनेच्या माहेरच्या, दोन घरांतली माणसं पाळीपाळीने बसली. शेवटी शेवटी ती बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हटल्यावर मला काय ते कळलं.

ती लावून गेली ती बाग मला तोडीपर्यंत न्यायची होती. दुसरं काही मनात नव्हतं. देवाधर्माचं सून बघत होती. मी सकाळी बागेत जायचो ते दिवे लागायला परत. पानं वाढत होती. खालून बघितलं की एकेक नवं पान गुंडाळी घेऊन वर यायचं आणि हळूहळू उलगडायचं. मी बाजेवर पडल्या पडल्या ते बघायचो, झोप आणि जाग यांच्यात कुठेतरी. कधी वाटायचं बायको खोलीच्या उंबऱ्यावर बसली आहे आणि मोटर अजून लागायची आहे.

मुलाचं दुःख वेगळं. त्याला हात रिकामे ठेवता येत नाहीत. एका रविवारी तो एकटाच आला, सून धुळ्याला माहेरी गेली होती. ओट्यावर बसून त्याने तो प्रोग्राम उघडला. बराच वेळ नुसता बघत होता. मग पुसायला लागला. पहिल्यांदा पुसलं ते ‘आई म्हणतात’. मी बघत होतो. त्यानंतर त्याने मराठी सगळंच काढून टाकलं.

“हे पेटीत जातच नाही, आबा. नुसतं माणसासाठी असतं. आता ही पेटी माझ्याशिवाय उघडणार कोण?”

मग नावं आखूड केली. लाईनचं झालं ल, थांबायच्या वेळेचं झालं थ, आणि चार कामं एकाच्या पोटात एक घातली. दिवस कलायच्या आत सगळं एका मुठीत आलं. मला दाखवलं. मला मुंग्यांची रांग दिसली. पण पोराच्या तोंडावर महिन्याने जरा रंग आला होता. मी म्हटलं, बरं झालं. मोटर पहिल्यासारखीच चालत राहिली, कारण थांबायचं त्याने काढलं नव्हतं. फक्त का थांबायचं ते काढलं होतं.

उन्हाळा आला. जळगावचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळी चहाच्या वेळेला वारा तापलेला असतो. बाग निसवायला लागली होती, म्हणजे झाडाच्या पोटातून केळफूल बाहेर पडायला लागलं होतं. ह्या दिवसांत केळीला पाणी कमी पडलं की घड दांड्यातून सटकतो, नाहीतर पोसतच नाही. आणि लाईन तर रोज थोडी थोडी कमीच होत चालली.

मुलगा पाण्यासाठी एकेक मिनिट शोधायला बसला. शेतातच, खोलीच्या सावलीत. मुठीतला तो प्रोग्राम त्याने उघडला आणि थ वर येऊन अडकला.

“हे कशाला थांबवलंय मी?” तो मला विचारतो.

“तू लिहिलं, तुला ठाऊक.”

“लाईन आल्यावर एवढा वेळ मोटर उभीच आहे. फुकट. एवढ्यात किती पाणी गेलं आपलं.”

त्याने डोकं खाजवलं, खाली-वर बघितलं. थ च्या आजूबाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. बायकोचं उंबऱ्यावर बसणं आणि तो थ, ही एकच गोष्ट आहे हे माझ्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार, अक्षर एक आणि बाई केवढी. त्याने थ काढला. दुसऱ्या दिवशी लाईन आली तशी आमची मोटर सगळ्यांबरोबर उठली. पाणी लवकर आलं. मला आनंद झाला, खोटं का सांगू.

थोडे दिवस गेले. डीपी सोसत होती. मग एका सकाळी लाईन आली, शिवारातल्या मोटरी एकदम उठल्या, आणि नाल्याच्या बाजूने असा आवाज आला की झाडावरचे बगळे उडाले. जळक्या तेलाचा वास सुटला. मग सगळं शांत. एवढं शांत की नळीतून ठिबकायचं थांबलेलं ऐकू आलं.

डीपीजवळच्या निंबाखाली सगळे जमले. वायरमन आला, वर बघितलं, टोपी काढून डोकं पुसलं.

“वाइंडिंग भरायला न्यावी लागेल. आतून गेली.”

“कधी येईल?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“माझ्या हातात असतं तर आत्ता आणली असती, नाना. उन्हाळ्यात सगळीकडच्या जळतात.” मग त्याने विचारलं, “कोणी मोटर वाढवली का? खरं सांगा, मी कोणाला धरणार नाही.”

वाढवली असं कोणीच म्हणेना. एकमेकांवर संशय घेऊन झाला. नाल्यापलीकडचा शेतकरीही आला होता, मजा बघायला. त्याची डीपी वेगळी. तो माझ्याच वयाचा, जिभेला हाड नाही.

“मोटरी त्याच आहेत,” तो म्हणाला. “पण आबांची आता कोंबड्याआधी उठते. वहिनी होत्या तोवर चहा पिऊन उठायची.”

सुट्टीचा दिवस म्हणून मुलगा आणि सून आलेले होते, मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा उतरला. सून गाडीवरची पिशवी घेऊन आली, लॅपटॉप काढला. हे कॉम्प्युटरवाले जुनं फेकत नाहीत, केलेला प्रत्येक बदल मागे राहतो म्हणे. तिने पहिलं लिहिलेलं उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं.

“लिहिताना मी बघत होतो,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. पुसलं आणि मलाच माहीत नाहीसं झालं.”

“आता समजलं ना?” पलीकडचा म्हणाला. “तू इतकं बारीक लिहिलं बाबा, डीपीला वाचता आलं नाही.”

दोघेतिघे हसले. मीही हसलो असतो, दुसऱ्याच्या पोराचं असतं तर. पण हसणाराच पुढे म्हणाला, “पाईप आणा. माझ्या विहिरीवरून नाल्यातून टाका. माझं झालं की उरलेलं तुमचं.”

उरलेलं म्हणजे सगळ्या बागेला पुरेल एवढं नव्हतं. मुलाने कामावर रजा टाकली आणि पाईप ओढले. त्याच्या हाताची कातडी निघाली. सून दुपारचं जेवण घेऊन यायची, कळण्याची भाकर आणि मिरची, आणि त्याच्याशी ती त्या दिवसांत एक वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

कोणत्या ओळी पाण्यावाचून सोडायच्या, ते मला ठरवायचं होतं. मुलगा म्हणाला, आबा तुम्ही सांगा. रस्त्याच्या अंगाच्या वरच्या ओळी उंचावर, पाणी तिथे चढायला जास्त लागतं. मी म्हटलं, वरच्या सोडा. बोललो एवढंच. त्या ओळींत ते रोप असेल की नसेल, मला माहीत नव्हतं. मी दुपारी बाज उचलून तिकडे नेली आणि त्या सुटलेल्या झाडांखाली पडलो. हिरवा उजेड रोज जरासा पिवळा होत होता. सुकलेल्या पानाचा आवाज वेगळा. त्याला चाल नसते. मी डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न करायचो आणि बायको काही बोलायची नाही. मग एका दुपारी, झोपेतच, मला ती उंबऱ्यावर दिसली. विचारलं, अजून किती थांबायचं. तिने वर बघितलं, तोंडही उघडलं, आणि मला जाग आली. वरून ऊन सरळ माझ्या छातीवर पडलं होतं. पानं सुकून खाली लोंबत होती.

डीपी आली. पण लाईन जोडायच्या आधी निंबाखाली पुन्हा सगळे बसले. कोणीतरी म्हणालं, हिलाही तसंच जाळायचं का. दुसरा म्हणाला, वहिनी एकट्या शेवटच्या नंबरला थांबायच्या म्हणून आपण सगळे पहिले होतो. मग असं ठरलं की प्रत्येकाच्या मोटरीवर तशी पेटी बसवायची आणि नंबर लावायचे. एकामागून एक. लिहायचं सुनेने आणि मुलाने.

ह्या वेळी ते दोघं शेजारी बसले, आमच्याच ओट्यावर. मी समोर. सून म्हणाली, जे आबांना वाचून कळणार नाही ते ठेवायचं नाही. मुलाने मान डोलावली, पण बोटांची सवय जात नाही. त्याने मोटरींना आकडे दिले.

मी वाचलं. “हे कळलं नाही.”

“एक म्हणजे नाल्याकडची, दोन म्हणजे बाभळीखालची.”

“मग नाल्याकडची असं लिहायला तुझं काय जातं?”

“लांब होतं, आबा.”

“होऊ दे. तू काय दगडावर कोरतोस?”

सून खाली मान घालून हसली. त्याने लिहिलं, नाल्याकडची. मग बाभळीखालची. पुढे एकाच ओळीत तीन गोष्टी कोंबलेल्या होत्या, त्या मी वाचताना धापा टाकल्या तेव्हा त्याने सोडवल्या. काही ठिकाणी मला कळूनही मी कळलं नाही म्हणालो, कारण तो समजावून सांगत होता आणि मला ते ऐकायला आवडत होतं. माझ्या पोराला एवढं लांब बोलता येतं हे मला तेव्हा समजलं.

संध्याकाळी ज्यांच्या मोटरी ते येऊन वाचून गेले. लहान मोटरी आधी, मोठ्या मागून, असं लिहिलं होतं आणि का तेही लिहिलं होतं. त्यावरून वाद झालाच.

“माझी विहिरीतली मोटर याच्यापेक्षा लहान आहे, मग मी याच्यामागे का?”

“कारण तू गेल्या साली बदलून मोठी बसवली आणि कोणाला सांगितलं नाही,” दुसरा म्हणाला.

“वायरमनसमोर कसं सांगणार होतो मी?”

“म्हणून आता लिहिलंय. वाच.”

त्याने वाचलं, पुटपुटला, आणि मागे सरकला. एकाला वाचायला येत नव्हतं, त्याला त्याच्या नातीने वाचून दाखवलं. त्यानेही एक चूक काढली. त्याच्या विहिरीत पाणी लवकर उतरतं, मोटर कोरडी फिरेल म्हणाला. सुनेने तिथेच बसून ते घातलं, आणि खाली कारणही.

लाईन आली तेव्हा मी बागेत होतो, खालच्या अंगाला. नाल्याकडची लागली. मग बराच वेळ काही नाही. मग बाभळीखालची. एकेक आवाज दुसऱ्यात जाऊन बसत होता. मी खाली मातीवर बसलो होतो आणि हात ठिबकच्या नळीवर होता. वरच्या अंगाची लागली. सगळं एका सुरात आलं. आमच्या मोटरीला अजून वेळ होता. मला घाई नव्हती. नळी हाताखाली कोरडी आणि गरम होती. मग ती जराशी हलली, फुगली, गार झाली.

वरच्या ओळी गेल्या. त्या मी पाऊस पडायच्या आत कापून टाकल्या. बाकीची बाग राहिली. घड उशिरा भरले, जरा हलके भरले. पाऊस सरता सरता सावद्याकडच्या व्यापाऱ्याची गाडी आली आणि तोड झाली. माणसं घड खांद्यावर घेऊन बागेतून निघत होती आणि मी मधे मधे उभा राहून त्यांच्या पायात येत होतो. एकाने शेवटी सांगितलं, आबा, बाजूला बसा. मी बसलो. हिने लावलेलं तोडीपर्यंत नेलं होतं, पुरतं नाही, पण नेलं होतं. रडू आलं ते गाडी गेल्यावर.

केळ एकदा घड देते. मग तिच्याच बुडातून निघालेलं पील धरायचं असतं. गेल्या आठवड्यात मुलगा आला आणि पिलांना पाणी कमी लागतं म्हणून प्रोग्राम बदलायला बसला. लिहून झाल्यावर लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, मी न मागता. मी चष्मा लावून बोटाने धरून वाचलं. घड कापून झाले, आता पोसायला घड नाहीत, नुसती पिलं आहेत, म्हणून पाण्याचा वेळ कमी केला. रस्त्याकडच्या वरच्या ओळींत पाणी सोडू नये.

“हे कळलं नाही,” मी म्हटलं.

“काय नाही कळलं?”

“वरच्या ओळींत का सोडू नये?”

“तिथे झाडं नाहीत ना, आबा. तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. मी गेल्यावर जो वाचेल त्याला कसं कळेल? तो म्हणेल, हे फुकट का सोडलंय, आणि सुकल्या जागेवर पाणी घालत बसेल. का नाहीत ते लिही.”

त्याने हात पुढे केला. मग लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. बराच वेळ लागला त्याला, ओळ काही मोठी नव्हती. पुन्हा माझ्याकडे फिरवला. लिहिलं होतं, वरच्या ओळी आईने लावल्या होत्या, त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून गेल्या, कारण मोटर शेवटी का लावायची ते मी पुसून टाकलं होतं.

मी दोनदा वाचलं.

“कळलं,” मी म्हटलं. “राहू दे.”